भीड सोडा, पाणी मागा: कोकणातून पहिल्यांदा विमानाने निघणाऱ्यांसाठी

आईचा पहिला विमानप्रवास मोपा ते हैदराबाद होता. भावाकडे बाळ झालं होतं म्हणून आम्ही दोघी निघालो. घरातून सकाळी सहाला बाहेर पडलो आणि भावाच्या दारात दुपारी दोनला पोचलो. या आठ तासांत तिने पाण्याचा एक घोटही घेतला नाही. विमानात मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने मान हलवली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "नको गे, उगाच तेंका त्रास कित्याक?" खरं कारण मला रात्री कळलं. पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, तिथलं दार कसं उघडायचं ते ठाऊक नाही, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला उठवायचं कसं, ही तिची धास्ती होती. वर गार वाऱ्याचा झोत थेट डोक्यावर येत होता, तो बंद करता येतो हेही तिला माहीत नव्हतं. दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं.

त्यानंतर मी घरातल्या, वाडीतल्या बऱ्याच जणांची तिकिटं काढली, त्यांना सोडायला गेले, काहींच्या बरोबर गेले. विमानातल्या गैरसोयीचा मोठा भाग भिडेपोटी होतो हे मला तेव्हापासून पटलं आहे. आपल्याकडे न मागणं हा चांगुलपणा समजतात. पण विमानात बऱ्याच सोयी मागितल्या तरच मिळतात, आणि त्यातल्या निम्म्या निघण्याच्या दोन दिवस आधी मागाव्या लागतात. म्हणून तिकिटापासून ते सामान हातात येईपर्यंत काय, कधी आणि कोणाकडे मागायचं ते इथे क्रमाने लिहिते.

विमानतळ कोणता, ते आधी ठरवा

कोकण लांबलचक आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, कुडाळकडच्यांना मोपा सोयीचं. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातला हा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. रेल्वेने जायचं तर पेडणे स्टेशन जवळ पडतं. सिंधुदुर्गाचा स्वतःचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात परुळे-चिपीला आहे. त्याचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. मात्र तिथून कुठे आणि कोणत्या वारी विमान जातं हे सतत बदलत आलं आहे. त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी काय केलं यावर न जाता त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहूनच बेत करा. राजापूर-रत्नागिरीकडच्यांना घाट चढून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळही पाहता येतो. रायगडकरांना मुंबई आहेच. शिवाय ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेल-उरणच्या अगदी अंगणात आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. गोव्यात दोन विमानतळ आहेत, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेला वास्कोजवळ दाभोळी. तिकीट शोधताना नुसतं 'गोवा' टाकलं की दोन्ही दिसतात आणि दोन-तीनशे रुपये स्वस्त म्हणून माणूस दाभोळीचं काढून बसतो. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाभोळी. सावंतवाडीहून दाभोळीला जायचं म्हणजे मोपा मागे टाकून सगळा उत्तर गोवा आणि मांडवी-झुवारीचे पूल ओलांडायचे. वाचलेले पैसे तिथेच संपतात. मुंबईतही टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका, तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा सांगा.

तिकिटावरचं नाव

या बाबतीत आपल्या घरांत जास्त चुका होतात. आधारवर बाईचं सासरचं नाव असतं आणि भाऊ तिकीट काढताना सवयीने माहेरचं घालतो. किंवा घरात सगळे 'बाबी' म्हणतात म्हणून 'बाबी'च लिहितो. बरोबर न्यायचं जे ओळखपत्र आहे ते समोर ठेवून, त्यावरच्या स्पेलिंगप्रमाणे अक्षर न् अक्षर नाव भरा. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांतलं कोणतंही मूळ ओळखपत्र चालतं. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर त्याचा जन्मदाखला घ्या. चूक लक्षात आली तर लगेच कंपनीला फोन करा. एखाद-दोन अक्षरांची दुरुस्ती बहुतेक होते, विमानतळावर ऐनवेळी मात्र फार ताप होतो.

फोन नंबर एजंटाचा देऊ नका. विमान उशिरा आहे, गेट (विमानाकडे जायचं दार) बदललं, उड्डाण रद्द झालं, हे सगळं त्या नंबरवर येतं. प्रवास करणाऱ्याचाच नंबर द्या. तो साधा फोन वापरत असेल तर घरातल्या जागरूक माणसाचा द्या.

खुर्ची, आणि कोणाला कुठे

आराम म्हणजे काय ते बरंचसं इथेच ठरतं. मुंबई, बंगळूर, हैदराबाद, दिल्लीला जाणारी मोठी जेट विमानं बहुतेक तीन-तीन खुर्च्यांच्या रांगांची असतात, मध्ये एकच वाट. छोट्या मार्गांवर एटीआर ७२ नावाचं पंख्याचं विमान असतं, साधारण सत्तर जणांचं, दोन-दोन खुर्च्यांचं. गोव्यात मुख्यालय असलेली फ्लाय९१ ही कंपनी हीच विमानं वापरते. पंखा फिरताना दिसला म्हणून घाबरू नका, हे विमान जुनाट नसतं. छोट्या अंतरासाठी आणि आखूड धावपट्टीसाठी ते मुद्दाम असंच बनवलेलं असतं. आवाज थोडा जास्त येतो आणि डोक्यावरचा सामानाचा कप्पा लहान असतो. पण त्याचे पंख खिडकीच्या वर असतात आणि ते जेटपेक्षा कमी उंचीवरून उडतं, त्यामुळे खाली स्वच्छ दिसतं. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो. ढग नसतील तर खाड्यांची तोंडं, वाळूच्या पट्ट्या आणि खडपात फुटणारा फेस दिसतो. आपलंच गाव असं वरून पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला खिडकी द्याच.

याला अपवाद म्हणजे मधुमेह असलेली, वारंवार बाथरूमला लागणारी, गुडघे धरलेली माणसं. त्यांना वाटेकडेची खुर्ची घ्या. तिथून उठताना कोणाला विनवावं लागत नाही आणि एक पाय जरा मोकळा सोडता येतो. हिंदकळण्याची भीती वाटणाऱ्याला पंखाच्या आसपासची रांग बरी, कारण तिथे झोके सर्वात कमी जाणवतात. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला भरपूर जागा असते, पण म्हातारी माणसं, मुलं आणि गरोदर बायका यांना तिथे बसू देत नाहीत. तिथे जादा पैसे भरून आईबाबांना बसवायचा बेत करू नका. अगदी शेवटच्या रांगेची पाठ बऱ्याच विमानांत मागे जात नाही, आणि बाथरूमची रांग डोक्याशी उभी राहते.

आवडीची खुर्ची निवडायचे बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात. ते टाळायचे असतील तर वेब चेक-इन, म्हणजे इंटरनेटवरून आधीच खुर्ची पक्की करणं, सुरू होताच करा, फुकटातल्या बऱ्या जागा आधी जातात. मुलं बरोबर असतील तर हे लक्षात ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांजवळ बसवायचं, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना दिले आहेत. लेकराला दुसऱ्या रांगेत टाकलं तर काऊंटरवर शांतपणे हे सांगा.

व्हीलचेअर ४८ तास आधी

"मी काय लुळी-पांगळी आसंय?" हे वाक्य मी तीन घरांत ऐकलं आहे. व्हीलचेअर घेणं म्हणजे अपंग ठरणं, असं वाटून आपली म्हातारी माणसं दुखऱ्या गुडघ्यांनी एक-एक किलोमीटर चालतात. मोठ्या विमानतळावर सुरक्षा तपासणीपासून गेटपर्यंतचं अंतर खरंच तेवढं असू शकतं. चालण्याची खरी अडचण असलेल्यांसाठी ही सोय नियमातच आहे आणि तिचे जादा पैसे लागत नाहीत. निघण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा, तिकिटावर तशी नोंद होते.

नोंद करताना नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हणून थांबू नका, कारण तिचे तीन प्रकार आहेत. माणूस जिना चढू शकतो, पण लांब चालू शकत नाही, हा पहिला, डब्ल्यूसीएचआर. जिना चढता येत नाही, पण विमानात खुर्चीपर्यंत चालता येतं, हा दुसरा, डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालता येत नाही, खुर्चीपर्यंत नेऊन बसवावं लागतं, हा तिसरा, डब्ल्यूसीएचसी. माझ्या मावशीसाठी आम्ही यातला पहिला प्रकार नोंदवला होता. विमान इमारतीला जोडणाऱ्या पुलाला न लागता लांब मैदानात उभं होतं. बसमधून उतरल्यावर समोर उभा जिना. मावशीला दोन्ही गुडघ्यांचा त्रास आणि नोंद मात्र 'जिना चढू शकते' अशी. तिथल्या पोरांनी धरून चढवली, पण ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि मागे माणसांची रांग उभी होती. ते ओशाळलेपण तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चूक आमची होती, दुसरा प्रकार नोंदवायला हवा होता. जिना चढवणं अवघड असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे उतरणीची किंवा उचलणाऱ्या गाडीची व्यवस्था ते आधी करून ठेवतात.

सामान: आंबे, मसाला आणि सुकट

देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या हातातल्या पिशवीला ७ किलो आणि खाली जाणाऱ्या सामानाला, म्हणजे चेक-इन बॅगेला, १५ किलो देतात. काही कंपन्या हे १५ किलो एकाच नगात मोजतात. म्हणजे दहा किलोची बॅग आणि पाच किलोचा आंब्याचा खोका असे दोन नग नेले तर दुसऱ्या नगाचे पैसे लागतात, वजन बरोबर असलं तरी. तुमच्या तिकिटावर 'एक नग' लिहिलंय का ते पाहा. जास्त नेणार असाल तर जादा वजन घरूनच ऑनलाइन विकत घ्या, काऊंटरवर तेच महाग पडतं. घरात लटकवायचा वजनकाटा नसेल तर वाण्याकडे किंवा काजूवाल्याकडे बॅग टेकवून या.

आता आपल्या वस्तू. हापूस न्यायला काही हरकत नाही. एक डझन साधारण तीन किलो धरा, दोन डझन म्हणजे सहा. लाकडी पेटी नेऊ नका, तिचंच वजन फार भरतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला आणि मधून पेंढा घालून, जेमतेम पिवळसर झालेले आंबे भरा. पिकलेला फुटला तर त्याचा रस दुसऱ्याच्या बॅगेवर उतरतो. कोकमाचं आगळ खालच्या बॅगेतच टाका. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक लावून वर झाकण घट्ट करा आणि बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा. लोणचं आणि मालवणी मसालाही खालीच, कारण तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत आढळलं की सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात. विळी, कोयती, खवणी, नारळ सोलायचं हत्यार, अगदी फळ कापायची सुरीसुद्धा वर नेता येत नाही.

सुकं खोबरं मात्र खालच्या बॅगेत टाकायचं नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला बंदी आहे. लाडवासाठी वाट्या घेऊन निघालेल्या कितीतरी जणांच्या बॅगा उघडल्या गेल्या आहेत. काडेपेटी आणि लायटर कुठेच चालत नाहीत. पॉवर बँक नेमकी उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी, खाली अजिबात नको.

आणि सुकट, सुके बांगडे, गोलमा. यावर माझं मत ठाम आहे: न्या, पण शेजाऱ्याचा विचार करून न्या. वासाचं सामान घ्यायला कंपनी नकार देऊ शकते. मासे उन्हात पुन्हा एकदा कडकडीत वाळवा, मग हवाबंद डब्यात, डबा जाड पिशवीत, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद, आणि सगळं खालच्या बॅगेत. लेकीला माहेरची चव पोचलीच पाहिजे, पण कोणाची साडी सुकटाने वासू नये.

रोजची औषधं, इन्सुलिन, चष्मा, कागदपत्रं, दागिने आणि एक शाल ही हातातल्या पिशवीत ठेवा. खालची बॅग एखाद दिवस उशिरा आली तरी अडायला नको.

विमानतळावर पोचल्यावर

देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोचा. चतुर्थीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत अडीच तास धरा. चेक-इनचा काऊंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. हायवेला कणकवलीत अडकलो होतो, हे कारण तिथे चालत नाही.

दारातच ओळखपत्र आणि तिकीट पाहतात. फोनवर आधी नोंदणी केली की दारातल्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा ही सोय ऐच्छिक आहे. नको असेल तर साध्या रांगेने जा, त्यात कमीपणा काही नाही. आत काऊंटरवर बॅग द्या. तुमच्या बोर्डिंग पासवर, म्हणजे विमानात चढायच्या पासवर, तिच्या नंबरची छोटी चिकटपट्टी लावतात. ती सामान हातात येईपर्यंत फेकू नका.

सुरक्षा तपासणीत फोन, पाकीट, पट्टा, चाव्या ट्रेमध्ये ठेवायच्या. बायकांची रांग वेगळी असते आणि पडद्याआड महिला जवान यंत्र फिरवून तपासतात. मंगळसूत्र, बांगड्या काढायची गरज नसते. आपल्या बायका तिथे सर्वात जास्त बावरतात, म्हणून आधी सांगून ठेवा. रिकामी बाटली बरोबर न्या आणि तपासणीनंतर तिथल्या नळावर भरून घ्या. आतलं विकतचं पाणी आणि चहा महाग असतो. घावणे, पोळी-भाजी, चटणीचं सँडविच असलं कोरडं खाणं बरोबर न्यायला हरकत नाही.

मुंबईसारख्या ठिकाणी प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक आणि गेट बघत राहावं लागतं, आणि गेट ऐनवेळी बदलतंही. एकट्या निघालेल्या वडीलधाऱ्यांना विमानाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. गेटजवळच्या गणवेशातल्या माणसाला तो कागद दाखवून "हेच गेट ना?" विचारायला सांगा.

विमानात बसल्यावर

बसल्याबसल्या चार गोष्टी शोधून ठेवा. पट्टा कसा लागतो आणि सुटतो (वरचं झाकण उचललं की सुटतो). डोक्यावरची वाऱ्याची गोल तोटी कशी फिरवायची, ती पिळली की झोत बंद होतो. पाठ मागे करायचं बटण, बहुतेक खुर्चीच्या हाताला असतं. आणि डोक्यावरचं माणसाचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की केबिन क्रू, म्हणजे विमानात सेवा देणाऱ्या मुलामुलींपैकी कोणीतरी, येतो. आईला मी परतीच्या प्रवासात ते बटण तिच्याच बोटाने दाबायला लावलं. ती मुलगी आली, वाकून "जी, मॅम?" म्हणाली. आई आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हिंदीत म्हणाली, "पानी मिलेगा?" मिनिटभरात पेला आला. तो तिने दोन्ही हातांनी धरून प्यायला, मग त्या मुलीचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पिशवीतली आंबापोळी तिच्या हातावर ठेवली.

पिण्याचं पाणी मोफत मिळतं. खाण्याचं तसं नाही. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस अशा स्वस्त गटातल्या कंपन्यांत खाणं विकत असतं आणि आधी नोंदवलं तर निवडीला वाव राहतो. एअर इंडियासारख्या पूर्ण सेवेच्या कंपनीत ते भाड्यात धरलेलं असतं. सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणाऱ्यांनी, मधुमेह्यांनी हवं ते जेवण निदान आदल्या दिवसाच्या आत नोंदवून टाका. वरती सांगून ते मिळत नाही.

पाणी का प्यायचं, तेही सांगते. विमान वर असताना आतल्या हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. आपण कोकणातली माणसं, आपल्या अंगाला दमट हवेची सवय, म्हणून घसा, ओठ, डोळे लगेच सुकतात. हवेचा दाबही सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. तुम्ही बसलेले असता त्याच्याहूनही वर. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिकिटाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं ते यासाठीच.

कान दडपतात तेही दाबामुळेच, आणि चढताना जेवढं होतं त्याहून उतरताना जास्त. उतरायला लागण्यापूर्वी, म्हणजे पोचायच्या अर्धा तास आधीपासून, खडीसाखर, लिमलेटची गोळी किंवा आवळा चघळत राहा. गिळलं की कान सुटतो. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजा. उतरताना झोपू नका, झोपेत आपण कमी गिळतो. जोरात सर्दी झालेली असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय विमानात बसू नये, कान फार ठणकतो.

बाथरूमचं दार मधोमध दुमडून आत जातं, जिथे 'पुश' लिहिलंय तिथे ढकलायचं. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा पूर्ण लागतो. कमोड असतो, तांब्या नसतो. कागद असतो, म्हणून ज्यांना पाणी लागतं त्यांनी छोटी बाटली नेली तर बरं. फ्लशचा आवाज दचकायला लावेल इतका मोठा असतो, तो तसाच असतो. पट्ट्याचा दिवा लागलेला असताना मात्र उठू नका. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर ढग दाटलेले असतात आणि विमान एसटी घाटात हलते तसं हलतं. पट्टा लावलेला असेल तर त्यात काळजीचं काही नाही.

उशीर झाला किंवा उड्डाण रद्द झालं तर

एका जुलैत आमचं विमान तांत्रिक कारणाने साडेतीन तास उशिरा निघालं. कंपनीचं नाव घेत नाही. गेटजवळ म्हातारी-कोतारी, लहान मुलं, सगळी ताटकळलेली. दोन तास उलटले तरी कोणी काही विचारत नव्हतं आणि कोणी काही देतही नव्हतं. मी गेटवरच्या कर्मचाऱ्याला जाऊन म्हटलं, "दोन तासांवर उशीर झाला की नियमाप्रमाणे खाणं-पाणी द्यायचं असतं ना?" त्याने वादही घातला नाही. पंधरा मिनिटांत खोके आले. ते आधीच यायला हवे होते, याचा मला आजही राग येतो. रांगेतल्या साठ-सत्तर माणसांपैकी किती जणांना हा नियम ठाऊक होता?

तर नियम असा. तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल आणि अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तासांची आहे. मोप्याहून मुंबई, बंगळूर, हैदराबाद हे सगळे पहिल्या गटात येतात. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं निवडायचा हक्क तुमचा. चोवीस तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान निघणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल तर हॉटेलची सोय.

उड्डाणच रद्द केलं आणि तुम्हाला आधी कळवलं नाही, तर दुसरं विमान किंवा परतावा यांशिवाय भरपाई मिळते. एका तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. वादळ, दाट ढग, धावपट्टीवरचं पाणी अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना यातून सूट आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे कारण बऱ्याचदा खरंच असतं. तरी खाणं-पाणी मागून पाहाच. पावसात वैमानिकाने न उतरता विमान दुसरीकडे नेलं तर त्याच्यावर चिडू नका. तो निर्णय तुमच्या जिवासाठी असतो.

तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत तर रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे परत देण्याची जबाबदारीही कंपनीचीच आहे. 'एजंटाला विचारा' म्हणून परत पाठवलं तर हे ऐकवा.

तक्रार करायची तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा ॲपवर टाका. बोर्डिंग पास, संदेश आणि बिलांचे फोटो काढून ठेवलेले असले की काम सोपं होतं. आवाज चढवून काही मिळत नाही. तारीख, विमानाचा क्रमांक आणि नियम सांगितला की समोरचा ऐकतो. आणि ज्याने नीट वागवलं त्याच्याबद्दलही चार ओळी कंपनीला लिहा. त्या मुलामुलींच्या कामाची दखल प्रवाशाने घेतलेली फार कमी दिसते.

उतरल्यावर

सगळे एकदम उठतात, तुम्ही उठू नका. व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, म्हणून न्यायला आलेल्या माणसाला अर्धा तास जास्त सांगून ठेवा. सामानाच्या पट्ट्यावर काळ्या बॅगा शंभर असतात. आपल्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीची रंगीत काठपट्टी बांधलेली असली की लांबून ओळखू येते. आतही एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर तिथून बाहेर पडायच्या आधीच कंपनीच्या काऊंटरवर लेखी नोंद करा. त्या नोंदीला पीआयआर म्हणतात, आणि तिची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. एकदा दाराबाहेर पडलात की बॅग आत असताना फुटली हे पटवणं कठीण जातं. आंब्याचा खोकाही तिथेच उघडून बघा. तळाचा एखादा दबलेला असेल तर तो वेगळा काढा, नाहीतर घरी पोचेपर्यंत शेजारचे दोन त्याच्याबरोबर जातात.